संघयादीतले रकाने कसे वाचावेत : महिला हँडबॉलच्या जागतिक स्पर्धेतील राष्ट्रीय संघांची ओळख

जागतिक महिला हँडबॉल स्पर्धा दर दोन वर्षांनी, नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला सुरू होते. ती सुरू होण्याच्या आधी प्रत्येक देशाची संघयादी जाहीर होते. या यादीत गणवेशाचा क्रमांक, खेळण्याची जागा, नाव, जन्मतारीख, उंची, आजवरचे आंतरराष्ट्रीय सामने, त्यांत केलेले गोल आणि सध्याचा क्लब असे रकाने असतात. २०२१पासून या स्पर्धेत ३२ देश खेळतात, म्हणजे पाचशेहून अधिक नावांच्या अशा ३२ याद्या एकाच वेळी आपल्यासमोर येतात. हा खेळ नव्याने पाहू लागलेल्या वाचकाला त्या एकसारख्याच वाटतात आणि तो थेट गुणफलकाकडे वळतो. तसे करू नये, असे मला मनापासून वाटते, कारण प्रशिक्षकाला कशाची भीती वाटते, त्याचा भरवसा कोणावर आहे आणि कोणती उणीव त्याला भरून काढता आलेली नाही, हे सारे पहिली शिट्टी वाजण्यापूर्वी या यादीतच लिहिलेले असते. फक्त ते रकान्यांच्या भाषेत असते, आणि ती भाषा शिकून घ्यावी लागते.

सुरुवात आकड्यांपासून करू. हँडबॉलमध्ये मैदानावर एका बाजूने सात जणी खेळतात, त्यांपैकी सहसा एक गोलरक्षक असते. आपल्याकडे कबड्डीतही सात जण मैदानात उतरतात, त्यामुळे हा आकडा लक्षात ठेवणे आपल्याला सोपे जाते. मात्र या सात जणींच्या मागे तीन चाळण्या असतात. स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधी प्रत्येक देशाचा महासंघ ३५ संभाव्य खेळाडूंची यादी आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाकडे सोपवतो, ही पहिली चाळणी. त्यांतून स्पर्धेसाठी साधारणपणे अठरा जणींचा संघ ठरतो आणि त्या अठरा जणींमधून प्रत्येक सामन्यासाठी सोळा नावे सामनापत्रकावर लिहिली जातात. उरलेल्या दोघी त्या दिवशी प्रेक्षकांत बसतात. पुढच्या सामन्याला वेगळ्या दोघी बसतात, किंवा पुन्हा त्याच बसतात, आणि त्या कोण हे ठरवणे प्रशिक्षकाच्या सर्वांत अवघड कामांपैकी एक असते.

पस्तीसचा आकडा बाहेरून औपचारिक वाटतो, पण पुढच्या साऱ्या निवडीचा पाया तोच असतो. स्पर्धा चालू असताना एखादी खेळाडू जायबंदी झाली, तर तिच्या जागी नियमांच्या मर्यादेत दुसरीला बोलावता येते. मात्र ती दुसरी त्या पस्तीस जणींमधलीच असावी लागते. सहा आठवड्यांपूर्वी जिचे नाव त्या कागदावर लिहायचे राहून गेले, ती कितीही बहरात असली तरी तिला बोलावता येत नाही. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक पस्तीसच्या यादीत केवळ गुणवत्तेच्या क्रमाने पहिल्या पस्तीस जणी भरत नाहीत; कोणत्या जागेवर भगदाड पडू शकते याचा अंदाज बांधून ते त्या जागेसाठी तीन-तीन, चार-चार नावे राखून ठेवतात. काही जण तर अंतिम यादीतील एखादी जागा सुरुवातीला मुद्दाम रिकामी ठेवतात आणि स्पर्धेच्या मध्यावर गरज ओळखून ती भरतात. यादीत न आलेल्या सतरा जणी त्या काळात आपापल्या क्लबमध्ये सराव करत असतात, आणि स्पर्धा संपेपर्यंत त्यांना कोणत्याही रात्री बोलावणे येऊ शकते.

एवढी खबरदारी कशासाठी, हे स्पर्धेच्या रचनेवरून कळते. ३२ संघांचे चार-चार संघांचे आठ गट पडतात. प्रत्येक गटातील पहिले तीन संघ पुढच्या फेरीत जातात आणि तिथे सहा-सहा संघांचे चार गट होतात. या गटांतील पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरी गाठतात. याचा अर्थ अंतिम सामना खेळणाऱ्या संघाला एकूण नऊ सामने खेळावे लागतात. २०२३ची स्पर्धा डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तीन देशांत मिळून २९ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर या काळात झाली, म्हणजे तीन आठवड्यांच्याही आत हे नऊ सामने होते. प्रत्येक सामना साठ मिनिटांचा असतो आणि त्यात उडी, धक्का, वळण आणि पुन्हा धाव असे चक्र अखंड चालते. सात उत्तम खेळाडू आणि अकरा सामान्य खेळाडू अशा संघाला उपांत्य फेरीपर्यंत उभे राहणेही कठीण जाते.

आता दुसऱ्या रकान्याकडे, म्हणजे खेळण्याच्या जागेकडे वळू. हा रकाना यादीचा कणा असतो. गोलरक्षक सोडून आक्रमणात सहा जागा असतात. मैदानाच्या दोन कोपऱ्यांत डावी आणि उजवी विंग. त्यांच्या आतल्या बाजूला, गोलपासून नऊ मीटरच्या तुटक रेषेच्या आसपास लेफ्ट बॅक आणि राइट बॅक. या दोघींच्या मधोमध सेंटर बॅक, जी संघाचा खेळ बांधते. आणि प्रतिस्पर्धी बचावपटूंच्या रांगेत घुसून, गोलकडे पाठ करून उभी राहणारी पिव्होट. पिव्होटचे काम दिसायला सर्वांत ओबडधोबड, पण समजायला सर्वांत नाजूक असते. तिला दोघी-तिघींच्या रेट्यात स्वतःची जागा धरून ठेवावी लागते, सहकाऱ्यांसाठी वाट मोकळी करावी लागते आणि समोरून आलेला चेंडू एका हाताने पकडून, गिरकी घेऊन, गोल क्षेत्राची, म्हणजे गोलसमोरच्या फक्त गोलरक्षकासाठी राखलेल्या भागाची, रेषा न तुडवता फेकावा लागतो. फ्रान्सची पॉलेटा फोप्पा हे सारे ज्या सहजतेने करते, ते पाहिल्यावर या जागेवर केवळ धिप्पाड खेळाडू लागते हा समज गळून पडतो.

या रकान्यात मोजणी करायची असते. अठरा नावांत गोलरक्षक किती, पिव्होट किती, सेंटर किती? साधारण दोन किंवा तीन गोलरक्षक आणि प्रत्येक जागेसाठी दोन किंवा अधिक नावे असतात. कोणत्या जागेला दोनच नावे आहेत आणि कोणत्या जागेला चार, हे पाहिले की संघाची मजबूत आणि कमकुवत बाजू उघड होते. काही नावांपुढे दोन जागा लिहिलेल्या असतात. अशी खेळाडू यादीत एकच जागा घेते आणि काम दोन जणींचे करते. फ्रान्सची लोरा फ्लिप उजव्या विंगवरही खेळते आणि राइट बॅक म्हणूनही खेळते. ऑलिंपिकमध्ये संघ चौदा जणींचाच असतो आणि राखीव खेळाडू वेगळे असतात, त्यामुळे तिथे अशा दुहेरी उपयोगाच्या खेळाडूचे मोल आणखी वाढते. जागतिक स्पर्धेला गेलेली एखादी चांगली खेळाडू पुढच्या ऑलिंपिकच्या यादीत का दिसत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा याच हिशेबात सापडते.

यादीत एक रकाना नसतो, आणि माझ्या मते तो असायला हवा होता : खेळाडू कोणत्या हाताने चेंडू फेकते. हँडबॉलमध्ये या प्रश्नाला जेवढे महत्त्व आहे तेवढे फार थोड्या सांघिक खेळांत असेल, म्हणून तो जरा सविस्तर समजून घेऊ. एखादी खेळाडू मैदानाच्या उजव्या कोपऱ्यातून गोलवर चाल करत आहे असे डोळ्यांसमोर आणा. ती उजव्या हाताने फेकणारी असेल, तर तिचा फेकीचा हात मैदानाच्या बाहेरच्या बाजूला, कडेच्या रेषेकडे राहतो. तिथून गोल अगदी अरुंद दिसतो, आणि गोलरक्षकाने एक पाऊल पुढे टाकले की उरलेली फटही बुजते. तीच खेळाडू डावखुरी असेल, तर तिचा हात मैदानाच्या मध्याकडे येतो. उडी घेऊन तिने हात आत लांबवला की चेंडू सुटण्याची जागा जवळजवळ हातभर मध्याकडे सरकते, कोन रुंदावतो आणि त्याच गोलचा बराच मोठा भाग तिच्यासाठी खुला होतो. राइट बॅकच्या जागेवरूनही हेच घडते. डावखुरी खेळाडू फेक आणि पास या दोन्ही शक्यता अखेरच्या क्षणापर्यंत जिवंत ठेवू शकते, तर उजव्या हाताच्या खेळाडूला आधी शरीर वळवावे लागते आणि त्या वळण्यातच तिचा बेत उघडा पडतो.

म्हणून उजवी विंग आणि राइट बॅक या दोन जागांवर डावखुऱ्या खेळाडू हव्या असतात, आणि प्रत्येक जागेला दोघी धरल्या तर अठरा जणींत चार डावखुऱ्या लागतात. सर्वसाधारण लोकसंख्येत मात्र साधारण दहांत एकच माणूस डावखुरा असतो. हँडबॉलच्या राष्ट्रीय प्रशिक्षकाची जन्माची चिंता या दोन आकड्यांच्या तफावतीतून येते. मोठ्या देशात डावखुऱ्या मुली लहानपणीच हेरून त्यांना या खेळात आणले जाते. लहान देशात एका राइट बॅकचा गुडघा दुखावला तरी संघाची संपूर्ण उजवी बाजू लंगडी होते. यादी हातात आल्यावर उजव्या बाजूच्या दोन जागांसाठी किती नावे आहेत, हे मी सर्वांत आधी पाहतो.

गेल्या दोन दशकांतील काही सर्वांत प्रभावी खेळाडू याच बाजूच्या असाव्यात, हा योगायोग नाही. नॉर्वेची नोरा मर्क, दक्षिण कोरियाची र्यू उन-ही, रशियाची आना व्याखिरेवा या साऱ्या डावखुऱ्या. व्याखिरेवाचे उदाहरण उंचीचा रकाना वाचतानाही उपयोगी पडते. बॅकच्या जागेवर उंच खेळाडू लागते, कारण तिला बचावाच्या भिंतीवरून फेक करायची असते, असे साधारणपणे मानले जाते आणि ते बहुतांशी खरेही आहे. व्याखिरेवाची उंची १७० सेंटिमीटरच्याही आत असूनही २०१६च्या रिओ आणि २०२१मध्ये झालेल्या टोकियो अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ती सर्वोत्तम खेळाडू ठरली. ती भिंतीवरून फेकत नव्हती, भिंतीतील फट शोधून त्यातून आत शिरत होती. उंचीचा आकडा एकटा वाचू नये, हे तिच्याकडून शिकावे.

गोलरक्षकांबद्दल वेगळे बोलायला हवे. यादीत त्यांची नावे बहुधा क्रमांकावरूनही ओळखू येतात. नियमाने १ ते ९९ यांपैकी कोणताही क्रमांक घेता येत असला, तरी १, १२ आणि १६ हे क्रमांक परंपरेने गोलरक्षकांकडे जातात. सामन्याच्या सोळा नावांत सहसा दोघी गोलरक्षक असतात आणि त्या एकमेकींपेक्षा वेगळ्या पद्धतीच्या असतील याची प्रशिक्षक काळजी घेतो. एक कोपऱ्यातील फेकींवर भारी असते, दुसरी लांबून येणाऱ्या फेकींवर. सात मीटरच्या फेकीसाठी, म्हणजे हँडबॉलमधील पेनल्टीसाठी, बाकावर बसलेली दुसरी गोलरक्षक तेवढ्यापुरती आत येते आणि चेंडू अडवून किंवा सोडून परत जाऊन बसते. संपूर्ण सामन्यात तिच्या वाट्याला असे पाच-सात क्षणच येतात, पण त्यांतील दोन अडवले गेले तर निकाल फिरतो.

अशी ये-जा करता येते, कारण हँडबॉलमध्ये खेळाडू बदलण्यावर बंधन नाही. खेळ न थांबवता, पंचांना न सांगता, आपल्या बाकासमोरच्या ठरलेल्या भागातून एक बाहेर आली की दुसरी आत जाते, आणि हे कितीही वेळा चालते. त्यामुळे यादीत काही नावे अशी असतात की ज्यांनी पन्नास आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले असतात आणि गोल मात्र दहा-बाराच केलेले असतात. त्यांना दुबळ्या खेळाडू समजण्याची चूक करू नये. त्या केवळ बचावासाठी मैदानात येतात. चेंडू आपल्या संघाकडे आला की त्या धावत बाकाकडे जातात आणि त्यांच्या जागी आक्रमणातील खेळाडू येते. या अदलाबदलीची किंमतही मोजावी लागते. बदल चालू असताना प्रतिस्पर्ध्याने झटपट चेंडू पुढे नेला, तर बचावाची रांग अपुरी सापडते. म्हणून दोन्ही कामे सारख्याच ताकदीने करणारी खेळाडू प्रशिक्षकाला सोन्यासारखी वाटते. शिवाय बचावात दोन मिनिटे मैदानाबाहेर बसण्याच्या शिक्षेची टांगती तलवार असते. एकाच खेळाडूला अशी शिक्षा तीनदा झाली की ती उरलेल्या सामन्यातून बाद होते. बचावाच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या खेळाडूंना हा धोका सर्वाधिक असल्याने त्या जागेसाठी तिसरे, चौथे नाव यादीत असावेच लागते.

२०१६मध्ये झालेल्या नियमबदलाने या गणितात आणखी एक भर टाकली. गोलरक्षक बाहेर काढून तिच्या जागी सातवी आक्रमक खेळाडू उतरवणे त्या वर्षापासून फार सोपे झाले, कारण त्या खेळाडूला आता गोलरक्षकाच्या रंगाचा अंगरखा घालावा लागत नाही. गोल रिकामा ठेवण्याचा धोका पत्करून सात विरुद्ध सहा असे आक्रमण करणारे संघ वाढले, आणि अशा आक्रमणासाठी दोन पिव्होट एकाच वेळी मैदानात लागू लागल्या. एखाद्या यादीत तीन किंवा चार पिव्होट दिसल्या, तर त्या संघाचा प्रशिक्षक हा डाव हाताशी ठेवून आहे असे समजायला हरकत नाही.

क्लबचा रकाना यादीच्या टोकाला असतो आणि बहुतेक वाचक तिथपर्यंत पोचतच नाहीत. माझ्या दृष्टीने कथा सर्वांत जास्त तिथेच असतात. राष्ट्रीय संघाला वर्षभरात एकत्र सरावासाठी मोजकेच आठवडे मिळतात. उरलेले वर्ष खेळाडू क्लबकडून खेळतात, त्यामुळे त्यांचा खरा घडीव खेळ क्लबमध्येच तयार होतो. एकाच क्लबच्या चार-पाच जणी एका राष्ट्रीय संघात असल्या, की त्यांना एकमेकींच्या हालचाली डोळे मिटूनही कळतात.

ब्राझीलने हे जाणूनबुजून घडवून आणले. युरोपपासून दूर असलेल्या या देशाच्या खेळाडूंना उच्च दर्जाचे सामने वर्षभर मिळत नव्हते. २०११मध्ये ब्राझीलच्या हँडबॉल महासंघाने व्हिएन्नाजवळच्या हिपो निडरऑस्टराइख या ऑस्ट्रियन क्लबशी करार केला आणि राष्ट्रीय संघातील अनेक खेळाडू त्या एकाच क्लबमध्ये एकत्र खेळू लागल्या. राष्ट्रीय संघाचे डॅनिश प्रशिक्षक मॉर्टन सौबाक यांना हवा असलेला खेळ त्यांनी तिथे रोजच्या सरावात मुरवला. २०१३च्या डिसेंबरमध्ये बेलग्रेडला जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला, तेव्हा समोर यजमान सर्बियाचा संघ आणि त्याच्या पाठीशी सुमारे १९ हजार प्रेक्षक होते. ब्राझीलने तो सामना २२–२० असा जिंकला आणि दक्षिण अमेरिकेतील पहिला जगज्जेता होण्याचा मान मिळवला. त्या वर्षीची ब्राझीलची यादी घेऊन क्लबच्या रकान्यावरून बोट फिरवले, तर हे विजेतेपद कुठे घडले ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या एकाच नावावरून समजते. (ब्राझील आणि अंगोला यांच्या यादीतील नावे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : तिथे गणवेशावर टोपणनाव लिहिण्याची रीत आहे. एदुआर्दा अमोरीम साऱ्या जगाला दुदा म्हणून ठाऊक आहे आणि गोलरक्षक बार्बारा आरेनहार्ट ही बाबी म्हणून.)

अंगोलाचा मार्ग याच्या उलट आहे. आफ्रिकेत वर्षानुवर्षे वर्चस्व गाजवणाऱ्या या देशाच्या यादीत लुआंडा या राजधानीतील प्रिमेइरो दे अगोस्तो आणि पेत्रो या दोन क्लबांची नावे दाटीने येतात. दक्षिण कोरियाचा संघही बहुतांश देशांतर्गत संघांतून घडतो, आणि हे संघ कंपन्या किंवा सार्वजनिक संस्था चालवतात. याउलट नॉर्वे, फ्रान्स किंवा नेदरलँड्सच्या यादीत हंगेरीतील ग्यॉर, फ्रान्समधील मेट्झ, रुमानियातील बुखारेस्ट, डेन्मार्कमधील एस्बियेर्ग अशी अनेक देशांतील नावे विखुरलेली दिसतात. हा विखुरलेपणा उत्तम खेळाडूंना असलेल्या मागणीचे चिन्ह आहे, पण त्यात एक ताणही आहे. खेळाडूचा पगार क्लब देतो, स्पर्धा मात्र तिने देशाकडून खेळायची असते. तिथे तिला दुखापत झाली तर हंगामातले नुकसान क्लबला सोसावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ठरलेल्या काळात क्लबला खेळाडू मोकळ्या कराव्या लागतात, आणि या नियमाशिवाय कोणतीही राष्ट्रीय यादी उभीच राहिली नसती.

आंतरराष्ट्रीय सामन्यांचा आकडा आणि जन्मतारीख हे दोन रकाने एकत्र वाचावेत. नॉर्वेची गोलरक्षक काट्रिने लुंडे हिचा जन्म १९८०चा. देशासाठी तिने ३००हून अधिक सामने खेळले आणि २००८, २०१२ व २०२४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. चव्वेचाळिसाव्या वर्षी ऑलिंपिक जिंकणारी गोलरक्षक आणि विशीतील विंग एकाच यादीत असतात, तेव्हा त्या संघाने पिढ्यांची साखळी तुटू दिलेली नाही असे समजावे. थोरिर हर्गेइर्सन या आइसलँडच्या प्रशिक्षकांनी २००९ ते २०२४ या काळात नॉर्वेचा संघ सांभाळला, आणि त्यांच्या याद्या एकापुढे एक ठेवून पाहिल्या तर दर वेळी मोजकीच नावे बदललेली दिसतात. सारा संघ एकदम बदलण्याची पाळी त्यांनी येऊ दिली नाही. त्यांच्यानंतर प्रशिक्षक बदलले तरी ती साखळी तुटली नाही, आणि २०२५ मध्ये नॉर्वेने जर्मनीला हरवून पाचव्यांदा जागतिक विजेतेपद मिळवले.

एखादे परिचित नाव यादीतून अचानक गायब होते, तेव्हा त्याची दोन कारणे महिला हँडबॉलमध्ये विशेष महत्त्वाची असतात. पहिले कारण गुडघ्याचे. वेगात धावत येऊन एकदम थांबणे आणि वळणे या हालचालीत गुडघ्याच्या आतील अस्थिबंध (लिगामेंट) तुटतो, आणि त्यातून सावरायला बहुधा नऊ महिने ते वर्ष जाते. नोरा मर्कने आपल्या कारकिर्दीत गुडघ्याच्या अनेक शस्त्रक्रिया सोसल्या. तरीही २०१७च्या जागतिक स्पर्धेत आणि २०२०च्या युरोपीय स्पर्धेत सर्वाधिक गोल तिचेच होते. दुसरे कारण मातृत्वाचे. फ्रान्सची गोलरक्षक क्लेओपात्र दार्ल २०१९मध्ये आई झाली आणि २०२१मध्ये टोकियोत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होती. अशी परतण्याची वाट काही देशांत आता बरीच रुळली आहे, आणि ज्या देशांत ती नाही तिथे पंचविशीनंतरची नावे यादीतून कशी विरळ होत जातात हे जन्मतारखेच्या रकान्यात दिसते. या फरकाकडे प्रत्येक वाचकाने आवर्जून पाहावे असे मला वाटते.

राष्ट्रीयत्वाचा नियमही थोडक्यात सांगायला हवा. हँडबॉलमध्ये देश बदलता येतो. नव्या देशाचे नागरिकत्व हवे आणि आधीच्या देशाच्या वरिष्ठ संघाकडून शेवटचा अधिकृत सामना खेळल्याला तीन वर्षे झालेली हवीत, एवढी अट असते. ऑश्रा फ्रीड्रिकास ही सोव्हिएत संघ, लिथुआनिया आणि ऑस्ट्रिया अशा तीन संघांकडून खेळली. तिच्या बाबतीत आयुष्यातील स्थलांतराबरोबर नकाशाही बदलला होता.

भारताचा महिला संघ २०२५पर्यंत जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळलेला नाही, परंतु आशियाई स्पर्धेतून तिथे जाणारी वाट भारतासाठीही खुली असते. २०२४च्या डिसेंबरमध्ये ही आशियाई स्पर्धा नवी दिल्लीतच झाली आणि जपानने दक्षिण कोरियाला अंतिम सामन्यात एका गोलाने हरवले. त्याआधी २०२२च्या मार्चमध्ये भारताच्या कनिष्ठ मुलींनी कझाकस्तानातील अल्माटी येथे आशियाई विजेतेपद मिळवले होते आणि त्याच वर्षी स्लोव्हेनियात झालेल्या कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत भाग घेतला होता. भारतीय यादी वाचताना क्लबच्या रकान्याऐवजी राज्य आणि रेल्वेसारखी नोकरी देणारी संस्था पाहावी लागते, आणि तिथे हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे नाव वारंवार भेटते. या जिल्ह्यातील मोरसिंघी नावाच्या छोट्या गावात चालणाऱ्या हँडबॉल नर्सरीने राष्ट्रीय संघाला अनेक खेळाडू दिल्या आहेत. ब्राझीलने व्हिएन्नाजवळ कराराने जे साधले, त्याचे बीज आपल्याकडे एका डोंगराळ गावात स्वतःच्या हिमतीने रुजले आहे, आणि म्हणून ते नाव यादीत दिसले की मला थांबावेसे वाटते.

याच आशियाई वाटेने इराणचा महिला संघ २०२१मध्ये स्पेनमधील जागतिक स्पर्धेला पहिल्यांदा पोचला. डोके आणि हातपाय पूर्ण झाकणाऱ्या गणवेशात तो खेळला. त्या संघाच्या सोळा जणींत युरोपातील मोठ्या क्लबांचा अनुभव घेतलेल्या खेळाडू जवळजवळ नव्हत्या. नॉर्वेविरुद्धचा सामना इराणने ४१–९ असा गमावला, आणि पुढे नॉर्वेनेच ती स्पर्धा जिंकली. त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मात्र इराणची गोलरक्षक फातेमेह खलीली हिला देण्यात आला. चाळीसहून अधिक गोल स्वीकारावे लागूनही तिने ज्या फेकी अडवल्या होत्या, त्या तोडीस तोड होत्या. नाव पुकारले गेले तेव्हा तिला रडू कोसळले, आणि तिच्या सहकारी तिला मिठी मारायला धावल्या. त्यांच्याबरोबर नॉर्वेच्या खेळाडूही टाळ्या वाजवत उभ्या होत्या.